केदारलिंगाला सांगितलेला पासवर्ड

सरकारी कचेरीत एक न लिहिलेला नियम असतो: बैठकीला जो गैरहजर, काम त्याच्या गळ्यात. त्या दिवशी गुरुप्रसाद पावसकर दाढदुखीने घरी होता. दुसऱ्या दिवशी सुजलेला गाल सांभाळत तो आला, तेव्हा टेबलावर त्याच्या नावाचा आदेश पडलेला होता. तो आता कचेरीचा माहिती सुरक्षा अधिकारी होता. पगार तोच, खुर्ची तीच, फक्त देशाच्या रक्षणाची थोडी जबाबदारी वाढली होती.

कचेरी म्हणजे रत्नागिरीतलं किनारा माहिती केंद्र. कुठली होडी समुद्रात गेली, कुठली परत आली, वादळाचा निरोप कुणाला पोचला आणि कुणाला नाही, हे सगळं तिथल्या संगणकांवर असतं. परदेशातले चोर घरबसल्या आपल्या संगणकांत शिरतात, विजेपासून बँकेपर्यंत काहीही बंद पाडू शकतात, म्हणून दिल्लीने एक राष्ट्रीय धोरण काढलं होतं. त्याचं बाड इंग्रजीत होतं आणि सोबत हिंदी भाषांतर होतं, जे वाचल्यावर इंग्रजी सोपं वाटायचं.

गुरुप्रसादने ते इमानदारीने वाचलं. धोरणाचं पहिलं तत्त्व होतं, कुणावरही विश्वास ठेवू नका. हे कोकणाला शिकवायला दिल्लीने एवढा खर्च करायची गरज नव्हती. इथे बांधावरच्या माडाचा नारळ कुणाच्या बाजूला पडला यावरून सख्खे भाऊ तिसऱ्या पिढीपर्यंत कोर्टात भेटतात. दुसरं तत्त्व होतं, स्थानिक जनतेला सहभागी करून घ्या, जनजागृतीचा कार्यक्रम करा आणि त्याचं चित्रण काटछाट न करता त्याच दिवशी कचेरीच्या पानावर टाका. तिसरं असं, की दिल्लीचं एक गुप्त पथक चोर बनून प्रत्येक केंद्रात शिरायचा प्रयत्न करेल. ज्या केंद्रात ते शिरेल, ते केंद्र बंद करून मुंबईच्या केंद्राला जोडण्यात येईल, कर्मचाऱ्यांसकट.

हा शेवटचा भाग त्याने पुन्हा पुन्हा वाचला. अर्धी नोकरी त्याने मुंबईत काढली होती. डोंबिवलीच्या एका खोलीत, खिडकी उघडली की शेजाऱ्याची खिडकी. तिथून बदलीसाठी त्याने किती साहेबांचे उंबरे झिजवले ते त्याचं त्यालाच ठाऊक. शेवटी गावच्या केदारलिंगाला त्याने साकडं घातलं, देवा, मला परत आण. आणि देवाने आणलं. हातखंब्याच्या पुढे काळवलीत त्याने घर दुरुस्त केलं, बायको दीपाली गावच्या शाळेत लागली, आणि शिमग्याला पालखीच्या दांड्याखाली बालमित्र बाबल्याच्या बरोबरीने त्याचा खांदा लागू लागला. माणसाला याहून जास्त काय लागतं? आणि आता हे सगळं कुणीतरी दिल्लीत बसून कळफलक बडवून काढून घेणार होतं.

मग त्याने कंबर कसली. सगळ्यात आधी मुख्य संगणकाचा पासवर्ड बदलला. धोरणात लिहिलं होतं, पासवर्डमध्ये आपलं नाव, जन्मतारीख, देवाचं नाव असलं काही नको, कुणाच्या कल्पनेत येणार नाही असं हवं. गुरुप्रसादने डोळे मिटून विचार केला आणि दीपालीने त्या सकाळी डब्यात काय दिलंय ते आठवलं. सुका बांगडा. त्याला मध्ये शेपटीवाला ए, म्हणजे @, जोडला, पुढे आकडे जोडले, आणि हे जगात फक्त आपल्यालाच ठाऊक आहे म्हणून तो खूश झाला.

जनजागृतीचा कार्यक्रम कुठे घ्यायचा हा प्रश्न नव्हताच. फुकटचा हॉल आणि आयती माणसं काळवलीच्या देवळातच मिळणार होती. शनिवार ठरला. कचेरीतली राजश्री, जिच्या हाताखाली सगळे संगणक चालत, ती चित्रण करायला लांज्याहून एसटीने आली. लोक जमले. गुरुप्रसादने पडदा लावला, मशीन लावलं, घसा साफ केला, आणि महिपततात्या उठून उभे राहिले.

महिपततात्या गावचे मानकरी. गावाच्या वतीने देवाला साकडं सांगायचा, गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. आवाज असा, की देवळात बोलले तर ओढ्यापलीकडच्या वाडीतली कुत्री कान टवकारत.

"गाऱ्हाणां नाय, आनि कार्यक्रम सुरू?" तात्या म्हणाले. "गाऱ्हाण्याबिगर हितं पंखापन लावत नाय आमी."

"घाला ना तात्या. मी कुठे नको म्हणतोय."

"कशाची राखन करायची ती सांग."

"कचेरीच्या संगणकांची."

"त्याला कुलूप काय?"

"पासवर्ड असतो."

"मंग काय तो?"

गुरुप्रसाद हसला. "तात्या, तो कुणाला सांगायचा नसतो."

"कुनाला म्हंजे मानसाला. ह्यो देव हाय. ज्या कुलपाची राखन करायची तां कुलूपच देवाला दावलां नाय, तर देव राखन करनार कशाची? बाबल्याच्या हिरीचां काय झालां, इसरलास?"

बाबल्याची विहीर गावात कुणी विसरलेलं नव्हतं. विहीर खणण्याआधी गाऱ्हाणं घातलं, पाणी लागू दे म्हणून सांगितलं, पण कुठे ते सांगायचं राहिलं. पाणी लागलं, भरपूर लागलं, फक्त कुंपणापलीकडे, चुलतभावाच्या आवाठात. तेव्हापासून काळवलीत देवाला अर्धवट माहिती द्यायची नाही असा दंडक होता. देव सगळं करतो, पण सांगितलं तेवढंच करतो, त्या बाबतीत तो अगदी सरकारी आहे.

गुरुप्रसादने मनातल्या मनात धोरण चाळलं. पासवर्ड वरिष्ठांना सांगू नये, सहकाऱ्यांना सांगू नये, घरच्यांना सांगू नये, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला तर मुळीच सांगू नये. देवाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. खोटाच काहीतरी सांगून मोकळं होता आलं असतं. कुणाला काय कळणार होतं? पण समोर समई जळत होती, दीपाली हात जोडून बसली होती, आणि याच पाषाणापुढे तो कधीकाळी रडला होता, मला परत आण म्हणून. खोटं बोलायला त्याची जीभ वळेना. तो पुढे झाला आणि तात्यांच्या कानात हळूच खरा पासवर्ड सांगितला. तात्या तो मनातल्या मनात देवाला सांगतील, अशी त्याची समजूत होती. महिपततात्यांनी जन्मात कुठली गोष्ट मनातल्या मनात केली नव्हती.

"बा देवा केदारलिंगा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देऊळ दणाणलं.

"आज जी काय तुजी लेकरां हितं जमली हायत, ती गुरूच्या कचेरीच्या कामाला जमली हायत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्या कचेरीच्या कॉम्प्युटराला जां काय कुलूप हाय, तां सुका बांगडा, मधी शेपटीवाला ए, आनि म्होरं नव्वद एकवीस असां हाय रे म्हाराजा!"

महादेवाच्या गाभाऱ्यासमोर मासळीचं नाव कुणी कधी काढलं नव्हतं. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, पण गाऱ्हाण्यात थांबायचं नसतं, आणि सवयीने बाजी मारली.

"व्हय म्हाराजा!"

"ह्या सुक्या बांगड्यावर कुनी वाकडी नदर टाकील, तर त्याची वाकडी नदर सरळ कर, आनि ह्या लेकराला हितंच राखून घे रे म्हाराजा!"

गुरुप्रसादच्या कानांच्या पाळ्या तापल्या. राजश्रीचा मोबाईल हसून हसून हलत होता. तात्यांनी विनोद केला असं तिला वाटलं. लांज्याच्या एसटीत बसल्या बसल्या तिने अख्खं चित्रण, काटछाट न करता, त्याच दिवशी, धोरणाबरहुकूम कचेरीच्या पानावर टाकलं. त्याला एवढे लाईक पडले की साहेबांनीही एक दिला.

गुरुप्रसादला अक्कल आली ती रविवारी दुपारी. दीपालीने ताटात भाजलेला सुका बांगडा वाढला आणि त्याचा घास हातातच राहिला. आपण हे काय करून बसलो? सोमवारी शिपायाच्याही आधी तो कचेरीच्या दारात उभा होता. कुलूप उघडलं, पासवर्ड बदलला, मग श्वास घेतला. राजश्रीला सांगितलं, तेव्हा ती कपाळाला हात लावून खाली बसली. चित्रण काढून टाकावं तर तेही चालत नव्हतं, कारण एकदा चढवलेला पुरावा काढायला दिल्लीची परवानगी लागत होती.

पासवर्ड बदलताना त्याच्या मनात एकदा येऊन गेलं, की देवाला कळवायला हवं. पण नोकरीत राहून माणसाला एक सवय लागते. सवडीने कळवू, असं म्हणून त्याने ते पुढे ढकललं.

मंगळवारी दुपारी, जेवणं होऊन डोळे जड व्हायच्या वेळेला, मुख्य संगणकाने भोंगा वाजवला.

राजश्री पडद्याकडे बघत राहिली. "सर, बाहेरून कुणीतरी सुका बांगडा मागतंय."

खरंच कुणीतरी जुना पासवर्ड घालून दार ढकलत होतं. शेपटीवाल्या ए सकट. दोनदा, तीनदा. दार उघडलं नाही, उलट ढकलणाऱ्याचा पत्ता उमटला. दोघांनी धोरणात लिहिल्याप्रमाणे तातडीने दिल्लीला कळवलं. दिल्लीहून उत्तर आलं की अभिनंदन, तो आमचाच माणूस होता. इतर ठिकाणी चोर सहज शिरले होते. कुठे कुणी बोनसच्या नावाने आलेला दुवा दाबला होता, कुठे वाटेत सापडलेला पेनड्राइव्ह कौतुकाने लावून बघितला होता. रत्नागिरीचं केंद्र मात्र तरलं होतं. शिवाय दिल्लीने आदराने विचारलं होतं, की मंदिरातल्या कार्यक्रमातून जुना पासवर्ड मुद्दाम पसरवून चोराला त्यात अडकवायची ही योजना नेमकी कुणाची?

गुरुप्रसाद पेन उघडून खरं काय ते लिहायला बसणार, तोवर साहेबांनी उत्तर धाडूनही दिलं होतं. योजना कचेरीचीच, पूर्वनियोजित, देवाला सांगितलेला पासवर्ड मुळातच खोटा होता, आणि हे सर्व माझ्या मार्गदर्शनाखाली. साहेब लाईक देण्यापलीकडे कुठल्याच मार्गदर्शनात नव्हते, पण श्रेय दिसलं की साहेबांना धावायला होतं. गुरुप्रसाद गप्प बसला. केंद्र वाचलं होतं, डोंबिवली टळली होती, कशाला तोंड उघडा?

आठवडा सरायच्या आत पेपरात बातमी आली. मथळा होता, 'देवासमोर खोटा पासवर्ड! रत्नागिरीच्या अधिकाऱ्याचा चोरांना चकवा.' बाजूला गुरुप्रसादचा फोटो, सुजलेल्या गालाचा, नव्या हुद्द्याच्या ओळखपत्रावरचा.

काळवलीत कुणी तुमच्यावर रागावलं हे कसं ओळखावं? शिव्या बंद होतात. संध्याकाळी तो दुकानावर गेला तर बाकावरच्या लोकांनी उठून त्याला जागा दिली. बाबल्या, जो लहानपणापासून त्याला 'मेल्या'शिवाय हाक मारत नव्हता, तो म्हणाला, "बसा साहेब."

"काय रे बाबल्या, साहेब काय?"

"नाय, मोठी मानसां तुमी. देवाला बनवलात." बाबल्या दुसरीकडेच बघत होता. "आनि शिमग्याला पालखीखाली यायची तसदी घेव नका. खांद्याला दुसरा मानूस बघितलाय."

गुरुप्रसाद बिस्किटांचा पुडा तिथेच विसरून घरी आला. दीपालीला त्याने सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती, मान वर न करता म्हणाली, "मग गावात राहून करायचंय काय, असं तोंड लपवून? त्यापेक्षा डोंबिवलीला लोक निदान ओळखत तरी नव्हते."

ती बोलली ते त्याला लागलं, कारण ते खरं होतं. दिल्लीला खरं सांगावं तर केंद्र जाणार, आणि केंद्राबरोबर तोही. गप्प राहावं तर गाव राहणार, पण त्याचं राहणार नाही. राष्ट्रीय धोरणाच्या एवढ्या मोठ्या बाडात यावर एक ओळ नव्हती.

अशात दिल्लीच्या त्या पथकातला एक जण रत्नागिरीला यायचं ठरलं. योजनेचा अभ्यास करायला आणि केंद्राला प्रमाणपत्र द्यायला. ऋत्विक करमरकर त्याचं नाव, तरणा पोरगा, डोळ्यांवर चष्मा, मराठी स्वच्छ पण हिंदी पाण्याने धुतलेलं. बांगडा मागणारा तो हाच. त्याला देऊळ बघायचं होतं. साहेबांनी गुरुप्रसादला त्याच्यासोबत शनिवारी पाठवून दिलं. आणि त्याच शनिवारी महिपततात्यांनी गाव बोलावलं होतं.

देवळात सगळे होते. बाबल्या खांबाला टेकून होता, राजश्री मुद्दाम आली होती, दीपाली बायकांत बसली होती. तात्यांनी आधी पाहुण्याकडे बघितलं.

"कुठचे तुमी?"

"दिल्लीचा," ऋत्विक म्हणाला.

"तां नोकरीचां. गाव कुठचा?"

"आम्ही मूळचे मुरुडचे. दापोलीजवळचं मुरुड. पण मी कधी गेलो नाही."

"मंग कधी जानार?" तात्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गुरुप्रसादकडे वळले. "गुरू, म्होरं ये. देवाच्या पायरीवर हात ठेव. त्या दिशी मला सांगितलास तो पासवर्ड खरा की खोटा?"

एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला वही उघडून बसलेली दिल्ली. गुरुप्रसादने पायरीवर हात ठेवला. दगड गार होता. त्याला फार भीती वाटत होती, आणि तरी त्याला एकदम हलकंही वाटलं, दाढ उपटून टाकल्यावर वाटतं तसं.

"खरा होता," तो म्हणाला. "योजना नव्हती, सापळा नव्हता, काय नव्हतं. देवापुढे खोटं बोलवेना म्हणून खरा सांगितला. तुम्ही तो सगळ्या जगाला ओरडून सांगितलात, तेव्हा घाबरलो आणि सोमवारी बदलला. देवाला कळवायचं राहिलं, तेवढीच माझी चूक. बाकी सगळं साहेबांच्या मनचं."

ऋत्विकचं पेन थांबलं. बाबल्या खांबापासून सुटून उभा राहिला आणि तोंड भरून म्हणाला, "मेल्या, हां आधी सांगायला काय झालां होतां तुला?" गुरुप्रसादच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी गोड शिवी त्याने बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती.

पण दिल्लीने ऐकलं होतं. ऋत्विक हळू आवाजात म्हणाला, "पावसकर, हे तुम्ही माझ्यासमोर बोलायला नको होतं. मला हे कळवावं लागेल. शनिवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत तुमचं दार उघडं होतं."

"मग तेव्हा तुम्ही का नाही आलात?" राजश्रीने विचारलं.

"शनिवार-रविवार आमचं ऑफिस बंद असतं."

ऋत्विकने चष्मा काढून पुसला.

महिपततात्या गाभाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले, आणि सगळं देऊळ आपोआप उभं राहिलं. ऋत्विकही उठला, बसून राहणं बरं दिसलं नसतं.

"बा देवा केदारलिंगा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या गुरूनं तुला खरां तांच सांगितलां, त्याचा गुन्हा काय धरू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबल्याचा आवाज सगळ्यांत वर होता.

"आनि ह्यो जो मुरुडचा पावना, गावाला कदी न गेलेला, आज तुज्या दारात आला, तेनं जां काय ऐकलां तां ह्या देवळाच्या भायेर जाव नये, आनि गेलां तर तेच्याच कचेरीला शनवार-रविवारची सुटी कशाला व्हती हां पयलां इचारलां जावदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गुरुप्रसादने मान वळवून पाहिलं. ऋत्विकचे हात जोडलेले होते आणि तोंड उघडं होतं. त्या घोषात त्याचाही आवाज होता, जरासा उशिरा, पण स्पष्ट. तो आवाज कसा निघाला हे बहुधा त्यालाही कळलं नसावं. त्याने वही मिटून पिशवीत टाकली.

"आता नवीन पासवर्ड सांग देवाला," तात्या म्हणाले. "म्हंजे फिटांफीट."

"थांबा," ऋत्विक म्हणाला. "आधी सगळ्यांनी मोबाईल बंद करा. आणि तात्या, या वेळेला तो स्वतः सांगेल. हळू. बाकीच्यांनी पाठ फिरवायची."

"देवाला पाठ दावत नाय आमी."

यावर थोडी वाटाघाट झाली. शेवटी सगळ्यांनी डोळे मिटून कानांत बोटं घालावी असं ठरलं. अख्खं काळवली गाव डोळे मिटून, कानांत बोटं घालून देवासमोर उभं राहिलं. तात्यांचा एक डोळा किलकिला होता, पण राजश्रीने त्यांच्याकडे रोखून पाहिलं तेव्हा तोही मिटला. मग तिने आपलेही मिटले.

गुरुप्रसाद गाभाऱ्यात गेला. पाषाणाजवळ वाकला. पासवर्ड जिभेवर होता, शेपटीवाल्या ए सकट. पण जवळ गेल्यावर त्याला वाटलं, कुलूप कसलं आणि किल्ली कसली. आपल्याला जे राखायचंय ते त्या पेटीत कधी नव्हतंच.

"देवा," तो कुजबुजला, "मला इथून हलवू नको."

तो बाहेर आला तेव्हा तात्यांनी बोटं काढली. "सांगितलास नीट? काय ऱ्हायलां नाय ना?"

"नाही तात्या," गुरुप्रसाद म्हणाला. "या वेळेला पत्त्यासकट सांगितलंय."